श्वास धरताना ‘जी’ म्हणायचं नाही

११ फेब्रुवारी, मंगळवार

पर्स खाली ठेवायच्या आत नंदूशेठचा फोन. ‘मॅडम, भोकरदनच्या कुलथे सरांचा पेशंट आहे, कालचा छातीचा स्कॅन. सरांना टीबी पाहिजे. दुपारपर्यंत रिपोर्ट सोडून द्या.’

टीबी पाहिजे! मोसंबी आहे का, डझनावर मागवायला? नंदूशेठ बियाण्यांच्या धंद्यातून या सीटी स्कॅनच्या धंद्यात आला. मशीन त्याचं, फोटो वाचायचं काम माझं. पण बियाण्याच्या पाकिटावर जे छापलं तेच आतून निघालं पाहिजे, हे त्याच्या डोक्यातून जात नाही.

स्कॅन उघडला. सविता, वय एकतीस, भोकरदनजवळचं खेडं. टीबीच्या औषधांचे दोन कोर्स पूर्ण केलेत. थुंकीत जंतू एकदाही सापडलेला नाही. मागच्या वर्षी अचानक फुप्फुसाबाहेर हवा भरली, नळी घालावी लागली. आणि चिठ्ठीवर कुलथ्यांच्या अक्षरात: ‘औषधाला न जुमानणारा टीबी? जोराची औषधं सुरू करण्यापूर्वी.’ म्हणजे निदान झालेलं आहे, मी फक्त शिक्का मारायचा.

दोन्ही फुप्फुसांत पोकळ्या आहेत, हे खरं. पण सगळा स्कॅन हललेला. कडा दुहेरी, सभोवती करडं धुकं. हललेल्या फोटोत पातळ भिंत जाड दिसते, आणि जाड भिंतीची पोकळी दिसली की आमच्याकडे टीबी लिहून मोकळे.

टेक्निशियन इरफानला झापलं. तो म्हणाला, ‘मॅडम, मशीन बराबर आहे. बाई श्वासच धरून न्हाई राह्यली.’

रिपोर्ट दिला नाही. दुपारी नंदूशेठचे फोन घेतले नाहीत. गुडघा ठणकतोय.

१२ फेब्रु., बुध.

सविताचे जुने दोन्ही स्कॅन मागवले. नवरा पिकअप चालवतो, त्याने येता-जाता सीड्या टाकल्या आणि गेला, भेटलासुद्धा नाही.

दोन वेगळी गावं, दोन वेगळी मशीनं. आणि दोन्ही स्कॅन हललेले, अगदी कालच्यासारखेच! दोन्ही रिपोर्टांत ‘जाड भिंतीच्या पोकळ्या, टीबी सक्रिय’. एकालाही वाटलं नाही की फोटो पुन्हा काढावा. हललेला लग्नाचा फोटो कोणी घरात लावत नाही, आणि यावरून एका बाईला दोनदा सहा-सहा महिने औषधं घातली.

आणखी एक खटकतंय. पोकळ्या फुप्फुसाच्या तळाशीही आहेत, वर आहेत तितक्याच. टीबी असा सगळीकडे समान वाटप करत नाही. पण या धुक्यातून काही छातीठोक म्हणता येत नाही.

लिहिलं: स्कॅन वाचण्यायोग्य नाही, पुन्हा काढावा. नंदूशेठला एकाएकी पेशंटच्या रेडिएशनची काळजी वाटायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, पहिले तीन नीट काढले असते तर हा काढावा लागला नसता.

१४ फेब्रु., शुक्र.

सविता आली, बरोबर सासू. भोकरदनच्या बसने, उन्हातून. जिना चढून आली तर सविताच्या ओठांवर निळी छटा. बाकड्यावर दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून बसल्या. मी विचारायच्या आत सासूच म्हणाली, ‘डाक्टरांनी म्हनलं, अंतर ठेवा. आमी बिलकुल ठेवतो.’

ठेवतात म्हणजे काय, तर सविता गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत झोपते. ताट-वाटी वेगळी. सहा वर्षांची मुलगी, गुड्डी, गेल्या दिवाळीच्या आधीपासून बदनापूरला मामाकडे. सणाला आणली तर दारातूनच आईला दाखवून परत नेली. सासू वाईट बाई नाही. भाकरी स्वतः थापून नेते, खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून सुनेचं जेवण होईपर्यंत गप्पा मारते. पण डॉक्टरने सांगितलं म्हणजे सांगितलं.

‘मॅडम, तुमी एकदाच सांगून टाका. पोरीला कवा आनू?’

सविता स्वतः बोलतच नाही. बस म्हटलं, ‘जी’. पाणी घे म्हटलं, ‘जी’. आज मशीन दुरुस्तीला आहे, सोमवारी पुन्हा ये म्हटलं, ‘जी’. मी म्हटलं, अगं, काही विचार तरी. ‘जी.’ सासूला त्याचा केवढा अभिमान! ‘आमच्या घरात थोरल्यानं काई सांगितलं अन् सून मुकी राह्यली, असं कवा झालं न्हाई. पयल्या दिसापासून बराबर वळण हाये तिला.’

वळण! डोकं तापलं. इरफानला चहा सांगितला, त्या इतक्या लांबून आल्या होत्या.

१७ फेब्रु., सोम.

सापडलं. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळत नाही.

आज इरफानशेजारी मी स्वतः काचेमागे बसले. सविता टेबलावर, हात वर. मशीनमधली रेकॉर्ड केलेली बाई नेहमीप्रमाणे हिंदीत बोलली, ‘लंबी साँस लीजिए. साँस रोकिए.’ आणि स्पीकरवर आतून बारीक आवाज आला.

‘जी.’

इरफानने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. पुन्हा लावायला सांगितलं. साँस रोकिए. ‘जी.’ दर वेळी! श्वास छातीत भरायचा आणि नेमका धरायच्या क्षणी उत्तर देण्यासाठी सोडायचा. श्वास सुटला की फुप्फुस आकसतं, करडं पडतं, हलतं. झालं. धुकं, जाड भिंती, टीबी. तीन गावांतल्या तीन मशीनांना ही बाई अदबीने उत्तर देत होती आणि स्पीकरचं बटण सुरू ठेवून ऐकावं असं एकालाही वाटलं नाही. आमचा इरफानही त्यातलाच. ‘मॅडम, आतला आवाज बंदच ठेवतो. लोकं लई कन्हतात.’ त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आत गेले. ‘सविता, आता मी सांगेन त्यावर उत्तर द्यायचं नाही.’

‘जी.’

‘अगं, हेच! हेच नको.’

ती घाबरली. मग हळूच, ‘तुमाला राग न्हाई येणार?’ पहिलं वाक्य तिचं.

‘बोललीस तर येईल.’

मशीनवाल्या बाईला बंद केलं, मीच माइकवर बोलले. मोठा श्वास घे. धर. आता गप्प. ती गप्प राहिली. डोळे घट्ट मिटलेले, ओठ दाबलेले, छाती भरलेली. स्कॅन संपला तरी सोडेना, इरफानला ओरडून सांगावं लागलं.

१८ फेब्रु., मंगळ.

काय फोटो आलाय! आरशासारखा.

भिंती कागदाइतक्या पातळ. पोकळ्या गोल, वरपासून तळापर्यंत सारख्या पसरलेल्या. मधलं फुप्फुस स्वच्छ, धुक्याचा मागमूस नाही. धिरड्याला जाळी पडते तशी.

स्वतःलाच उलटतपासणी केली, घाई नको म्हणून. टीबी? तो बहुतेक वरच्या भागात घर करतो, भिंत जाड, आजूबाजूला कचरा. इथे नाही. चुलीच्या धुराने झिजलेलं फुप्फुस? त्यातल्या पोकळ्यांना भिंतच नसते, या सगळ्यांना आहे. बिडी-सिगारेटवाल्यांचा एक आजार असतो, त्यात पोकळ्या वेड्यावाकड्या आणि फुप्फुसाचा तळ वाचलेला. हिने बिडी पाहिली असेल ती सासऱ्याच्या हातात, आणि तळ वाचलेला नाही. रुंदावलेल्या श्वासनळ्या? वरच्या-खालच्या कापांत मागोवा घेतला, एकही पोकळी नळीला जाऊन मिळत नाही.

मग अगदी शेवटचे काप. तिथे मूत्रपिंडाचं वरचं टोक येतं, छातीच्या स्कॅनमध्ये त्याकडे कोणी बघत नाही. त्यावर छोटी गाठ, आणि गाठीत चरबी. अशा पोकळ्या आणि अशी गाठ एकत्र आली की नाव एकच.

लॅम. पूर्ण नाव उच्चारताना दात हलतात, म्हणून सगळे लॅमच म्हणतात. जवळपास सगळा बायकांचाच आजार, ऐन तारुण्यातला. फुप्फुसाबाहेर हवा भरते ती त्यानेच. माझ्या सगळ्या नोकरीत मोजके पाहिलेत, पण असा पुस्तकी नाही. बरा होत नाही, पण एका गोळीने पुष्कळ जणींचा थोपतो. दिवस राहिले तर वाढू शकतो.

आणि हा कोणालाही लागत नाही. ताट-वाटी, पत्र्याची खोली, बदनापूरला ठेवलेली पोर, सगळं उगाच. रागाने रडू आलं. इरफान चहा घेऊन आला होता, तसाच परत गेला.

रिपोर्ट लिहिला. ‘टीबीचं चित्र नाही’ हे वेगळ्या ओळीत, ठळक.

२१ फेब्रु., शुक्र.

डॉ. कुलथ्यांचा फोन. आधी गोड. ‘मॅडम, अभ्यास दांडगा आहे तुमचा. पण हे आजार पुस्तकात असतात. भोकरदनला टीबी असतो.’

‘भोकरदनला पुस्तकं येत नाहीत का?’

मग गोडवा संपला. पेशंट माझा आहे, म्हणाले. मी म्हटलं, फुप्फुसं तिची आहेत. तुम्ही काळ्या-पांढऱ्या सावल्या बघता, आम्ही माणसं बघतो, म्हणाले. मी विचारलं, त्या माणसाच्या थुंकीत एकदा तरी जंतू दिसला का? ‘निगेटिव्ह टीबी असतो, मॅडम.’ असतो. पण मग दोन कोर्स झाल्यावर तो सुधारलेला तरी दिसायला नको का? जुन्या पोकळ्या आहेत तिथेच आहेत, नव्यांची भर पडली. ‘म्हणूनच म्हणतो, हट्टी टीबी आहे.’

कसंही फिरवा, टीबीच. औषधाने बरा झाला तर टीबी होता, नाही झाला तर हट्टी टीबी आहे. 

राग बाजूला ठेवून लिहायचं तर माणूस लबाड नाही. इकडे टीबी खरंच घरोघर आहे, तो हुकला तर पेशंट जातो, म्हणून कुलथे आधी तोच धरतात. मीही धरला असता. पण धरलेलं सोडायचं कधी? ती जोराची औषधं म्हणजे थट्टा नव्हे. पायांच्या नसा जातात, डोळ्यांवर येतं, हृदयावर येतं. नसलेल्या आजारासाठी!

२७ फेब्रु., गुरु.

कालचा शिवरात्रीचा उपास आज भगरीसकट उलटला, त्यात हे.

सविताच्या सासूचा फोन. ‘मॅडम, तुमच्या कागदात बी टीबीच निघाली म्हनं. कुलथे सरांनी वाचून दाखवलं.’

कॉम्प्युटरवर पाहिलं. माझ्या सहीच्या वर एक ओळ जास्त: ‘तथापि टीबी नाकारता येत नाही, त्यानुसार उपचार व्हावेत.’ मी लिहिलेली नाही. कुलथ्यांच्या फोननंतर टायपिस्टने नंदूशेठच्या सांगण्यावरून घातली.

नंदूशेठ शांतपणे म्हणतो, ‘एका ओळीनं काय बिघडतं? तुमचंही राहिलं, सरांचंही राहिलं.’ बाईचं काय राहिलं रे? माझ्या सहीवर दुसऱ्याचं निदान! इतकी ओरडले की वेटिंगमधले लोक उठून काचेपाशी आले.

आमच्याकडची रीत अशी की रिपोर्ट बंद पाकिटात, पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरकडेच जायचा. पेशंटने पाकीट फोडायचं नाही, विचारायचं नाही, डॉक्टर सांगेल तेवढं ऐकायचं. आपल्याच छातीचा फोटो आणि आपल्यालाच बंदी. इतकी वर्षं मीही ही रीत पाळली. पुरे.

नवा रिपोर्ट काढला, माझ्या शब्दांत. फोन करून सांगितलं, दोघी या, तुमच्या हातात देते. नंदूशेठ म्हणाला, असं असेल तर मला दुसऱ्या मॅडम बघाव्या लागतील. म्हटलं, बघ.

६ मार्च, गुरु.

दोघी आल्या. कॉम्प्युटरसमोर बसवलं, फोटो दाखवले. हललेला आणि न हललेला, शेजारी शेजारी. आजाराचं नाव सांगितलं, दोघींनाही उच्चारता आलं नाही, ते बरंच. म्हटलं, आजार आहे, लहान नाही, श्वासावर येणारा आहे. माझ्या मते हा टीबी नाही. आणि हा कोणाला लागत नाही. उपचार मी करत नाही, छातीच्या डॉक्टरकडे जावं लागेल. संभाजीनगरला माझी वर्गमैत्रीण आहे, वसुधा, तिला सांगून ठेवते.

सासूने पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, ‘मंग म्या हिला गोठ्यापाशी निजवलं, ते?’

 ‘तुम्हाला तसं सांगितलं होतं’ एवढंच मी म्हणाले.

‘पोरगी आईकडं पळत येत व्हती. म्या दंडाला धरून वढली तिला.’

सविता खाली बघत होती. पदराने सासूचं नाक-तोंड पुसलं तिने. सासू मागे सरकली नाही.

पुढचं सांगणं अवघड होतं, पण सांगितलं: तूर्त दुसरं मूल नको, वसुधा मॅडमशी बोलल्याशिवाय अजिबात नाही. यावर सासूचा चेहरा बदलला. नातवाची वाट बघत होती, औषधं संपली की, असं धरून चालली होती. ‘मालकाला इचारावं लागंल,’ म्हणाली. कोणाच्या छातीचं कोणाला विचारायचं!

१४ मार्च, शुक्र. धुळवड

खिडक्या लावून बसले. गल्लीत ढोल. मुलाचा फोन, नेहमीचं: आई, सोड ते सेंटर, पुण्यातून घरबसल्या रिपोर्ट करता येतात. येतात की. पण घरबसल्या ‘जी’ ऐकू आलं असतं का?

नंदूशेठने मला अजून काढलेलं नाही. दुसऱ्या मॅडम मिळत नसतील.

२० मार्च, गुरु.

वसुधाचा फोन. सविता काल जाऊन आली, सासूबरोबर. गहू काढायचा खोळंबा असूनही. वसुधा म्हणते, तुझं वाचन बरोबर वाटतंय. रक्ताचा नमुना बाहेर पाठवलाय, त्याचा निकाल आला की गोळी सुरू करू. तोवर टीबीची नवी औषधं नकोत, असं तिने कागदावर लिहून दिलं. गुड्डीला घरी आणायला हरकत नाही, हेही तोंडी सांगितलं.

तरी आणलेली नाही. इरफानने फोन करून विचारलं. मुलीचा बाप म्हणतो, रक्ताचा निकाल येऊ द्या. आजोबा म्हणतात, कुलथे सर म्हणतील तसं. गावात आरोग्य केंद्राची आशाताई टीबीचं रजिस्टर घेऊन येऊन गेली, शेजारणी अजूनही सविताच्या हातचं पाणी घेत नाहीत. शिक्का मारायला एक कागद पुरतो, पुसायला किती लागतील कोण जाणे. चिडून चिडून बी.पी. वाढलं, गोळी घेतली.

३१ मार्च, सोम.

काल पाडवा झाला. आज दुपारी सविता आणि सासू अचानक हजर. साखरेच्या गाठी आणल्या होत्या, माझ्यासाठी एक, इरफानसाठी एक. बाकड्यावर एकमेकींना खेटून बसल्या. तपासणी-बिपासणी काही नव्हती. ‘बाजाराला आल्तो, म्हनलं भेटून जावं.’ सासूच्या पिशवीत नवा फ्रॉक, गुड्डीच्या मापाचा. पण रक्ताचा निकाल अजून आलेला नाही, त्यामुळे फ्रॉक कोणाबरोबर पाठवायचा की पोरीलाच आणायची, यावर सकाळपासून घरात वाद.

गाठ मोडून तोंडात टाकते तोच सासूचा मोबाइल वाजला. तिला कमी ऐकू येतं, ती फोन नेहमी स्पीकरवर लावते. डॉ. कुलथे. मी इथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

‘सविताबाई आहे का जवळ? हां. बाई, नवीन औषधं आलीत. उद्या सकाळी नऊला यायचं, माझ्यासमोर पहिला डोस. त्या संभाजीनगरच्या निकालाची वाट बघत बसलात आणि काही झालं, तर जबाबदारी माझी नाही. आणि मुलीला आणायचं नाही घरी. कळलं?’

माझं तोंड उघडलं होतं. इरफानने मान हलवली, नको म्हणून. बरोबर होतं त्याचं. विचारलं तिला होतं.

सविता काही बोलली नाही.

‘हॅलो? कळलं का?’

सासूचा कोपर सवयीने तिच्याकडे गेला आणि मध्येच थांबला. सविता फोनकडे बघत होती. ओठ दाबलेले, छाती भरलेली, त्या दिवशी टेबलावर होती तशी. फोनमधून दोनदा ‘हॅलो, हॅलो’ आलं. ‘रेंज नाही वाटतं,’ असं कोणाला तरी म्हणत कुलथ्यांनी ठेवून दिला.

मग तिने श्वास सोडला. दम लागला होता तिला, थोडा खोकलाही आला. तो आवरल्यावर म्हणाली, ‘आत्याबाई, बदनापूरची गाडी किती वाजता हाये?’

सासूने पिशवी उघडली. फ्रॉकची घडी नीट केली, पिशवी खांद्याला लावली, उठली. मला म्हणाली, ‘येतो मॅडम.’ जिना उतरताना सुनेच्या दंडाला धरलं होतं.

खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. बदनापूरच्या गाडीचं स्टेशन उजवीकडे, घरी जायच्या भोकरदनच्या बसचा स्टँड डावीकडे. पण नाक्यावर नंदूशेठने सेंटरचा एवढा मोठा बोर्ड लावून ठेवलाय की त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. दोघी बोर्डापर्यंत दिसल्या.